एनएमएमएस: सातवीच्या निकालापासून बारावीच्या शेवटच्या अर्जापर्यंत

आठवीत एनएमएमएस, म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन निवड झाली, की नववी ते बारावी दरमहा 1,000 रुपये मिळतात. वर्षाला 12,000, चार वर्षांचे 48,000. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये या परीक्षेचं काम माझ्याकडे आहे. पेपर उत्तम गेला, निवडयादीत नाव आलं, पेढे वाटून झाले आणि तरीही एक रुपया हातात पडला नाही, अशी मुलं मी पाहिली आहेत. प्रत्येकाचं कारण वेगळं होतं, पण एकाचंही कारण अभ्यास नव्हतं. कुणाच्या नावात एक अक्षर जास्त होतं, कुणाचं खातं पतसंस्थेतलं होतं, तर कुणी नववीत भरायचा अर्ज भरलाच नव्हता. म्हणून हा लेख पालकांसाठी आहे. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा.

1. आधी पात्रता पाहा (सातवीचा निकाल लागल्याबरोबर)

अभ्यासाची पुस्तकं विकत घेण्याआधी या चार गोष्टी पाहा.

- सातवीला किमान 55 टक्के हवेत. अनुसूचित जाती आणि जमातीच्या मुलांना 50 टक्के चालतात.
- आई आणि वडील दोघांचं मिळून वार्षिक उत्पन्न 3,50,000 रुपयांपर्यंत हवं.
- मूल शासकीय, जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत शिकत असावं.
- विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, जवाहर नवोदय विद्यालय आणि सैनिकी शाळेतल्या मुलांना ही परीक्षा नाही. शासकीय वसतिगृहात राहून तिथल्या जेवणाची आणि शिक्षणाची सवलत घेणाऱ्यांनाही नाही.

यातली तिसरी अट सगळ्यात जास्त फसवते. शाळा अनुदानित असते, पण मुलाची तुकडी विनाअनुदानित असते. इमारत एक, गणवेश एक, मुख्याध्यापकही एकच, त्यामुळे पालकांना फरक कळत नाही. प्रवेश घेतानाच विचारा, "ही तुकडी अनुदानावर आहे का?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. पुढच्या चार वर्षांचं गणित त्यावर अवलंबून आहे.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण येते. गावातली विद्या मंदिर, म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा, बहुतेक ठिकाणी सातवीपर्यंतच असते आणि आठवीला मूल हायस्कूलला जातं. म्हणजे सातवीचं गुणपत्रक एका शाळेचं आणि अर्ज दुसऱ्या शाळेतून. गुणपत्रकाच्या दोन प्रती शाळा सोडल्याचा दाखला काढतानाच घ्या. नाहीतर ऐन अर्जाच्या आठवड्यात जुन्या शाळेत हेलपाटे घालावे लागतात.

2. कागदांची फाईल (एप्रिल ते जुलै)

मी पालकसभेत हे सांगतो तेव्हा अनेकांना वाटतं, परीक्षा डिसेंबरात आहे, आत्ताच कशाला घाई? पण कागद दुरुस्त व्हायला अभ्यासापेक्षा जास्त वेळ लागतो. एक साधी फाईल करा आणि पुढच्या गोष्टी त्यात याच क्रमाने लावा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिला कागद चुकला की त्यावरून निघणारा पुढचा प्रत्येक कागद चुकतो.

*शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव.* शाळेतले बाकीचे कागद या नावावरूनच निघतात. मुख्याध्यापकांना विनंती करून रजिस्टरमधली नोंद स्वतः वाचा आणि मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख उतरवून घ्या.

*आधार.* आता ते उतरवलेलं आधारशेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा, मराठीतलंही आणि इंग्रजीतलंही. चौगुले आणि चौगले ही दोन वेगळी आडनावं धरली जातात. इंग्रजीत तर एकाच आडनावाची तीन-तीन स्पेलिंगं घरात सापडतात: वडिलांच्या आधारवर एक, मुलाच्या आधारवर दुसरं, दाखल्यावर तिसरं. आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचं पूर्ण नाव की फक्त पहिलं अक्षर, हेही पाहा. फरक असेल तर तो आत्ताच मिटवा.

आधारच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी बघा. मुलाचं आधार तान्हं असताना काढलं असेल, तर त्यात बोटांचे ठसे नसतात. वयाची 5 वर्षं पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा 15 पूर्ण झाल्यावर ठसे आणि फोटो अद्ययावत करावे लागतात. 15 वर्षांची वेळ साधारण नववी-दहावीतच येते, म्हणजे शिष्यवृत्ती सुरू असताना. दुसरी गोष्ट, आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा आणि तो घरातल्याच माणसाकडे हवा.

*उत्पन्नाचा दाखला.* तलाठ्याकडून अहवाल, मग आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज, मग तहसीलदारांचा दाखला. जून-जुलैत दहावी-बारावीनंतरच्या प्रवेशांमुळे या केंद्रांवर पाय ठेवायला जागा नसते. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये अर्ज केला की काम सुटसुटीत होतं. दाखल्यावर आई-वडील दोघांचंही उत्पन्न धरलं आहे ना, ते वाचून घ्या.

*जातीचा दाखला, लागू असेल तर.* निवड जिल्हावार आणि संवर्गवार होते. "दहावीला काढू" म्हणून हा दाखला मागे ठेवू नका. दिव्यांग मुलांचं 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्रही आत्ताच फाईलला लावा.

*बँक खातं.* हे मुलाच्या स्वतःच्या नावावर आणि बँकेतच हवं. आपल्याकडे दुधाचं बिल आणि उसाचं बिल वडिलांच्या खात्यावर येतं आणि बचत गल्लीतल्या पतसंस्थेत असते. यातलं एकही खातं इथे चालत नाही. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. आधारवरून येणारे सरकारी पैसे तिथे पोहोचतच नाहीत.

> तपासा: रजिस्टर, आधार, बँक पासबुक. तीन कागद एका टेबलावर ठेवा. तिन्हीवर नाव आणि जन्मतारीख तंतोतंत एक असेल तरच पुढच्या पायरीला जा.

ही फाईल एका परीक्षेपुरती नाही. इन्स्पायर-मानक या शाळकरी मुलांच्या विज्ञान-कल्पनांसाठीच्या सरकारी योजनेत मुलाची कल्पना निवडली गेली, तर 10,000 रुपये थेट मुलाच्या खात्यावर येतात. तिथेही हेच नाव आणि हेच खातं लागतं.

3. अर्ज शाळेतून भरला जातो, पण नजर तुमची हवी

परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे घेते. अर्ज शाळेच्या लॉगिनमधून भरतात, पालकांना घरून भरता येत नाही. म्हणून पालक निर्धास्त होतात आणि चूक तिथेच होते. एक शिक्षक एका बैठकीत तीस-चाळीस अर्ज भरत असतो, मध्येच साइट अडकते, मध्येच तास असतो. संवर्गाच्या रकान्यात वरचा पर्याय निवडायचा तर खालचा निवडला जातो.

अर्ज पक्का करण्याआधी त्याची प्रिंट मागा आणि मुलासोबत बसून वाचा. नाव, जन्मतारीख, संवर्ग, दिव्यांगत्व, माध्यम, आधार क्रमांक हे सहा रकाने पेन्सिलने टिक करा आणि खाली सही करा. आमच्या शाळेत सही झाल्याशिवाय मी अर्ज पुढे पाठवत नाही. तुमच्या शाळेत तशी पद्धत नसेल, तर वर्गशिक्षकांना तुम्ही स्वतः सुचवा. कुणी नाही म्हणणार नाही.

4. तयारी: दोन पेपर, दोन वेगळे स्वभाव

पहिला पेपर बौद्धिक क्षमता चाचणी: 90 प्रश्न, 90 गुण, 90 मिनिटं. दुसरा शालेय क्षमता चाचणी, त्यातही 90 प्रश्न, 90 गुण, 90 मिनिटं. दुसऱ्या पेपरची वाटणी अशी: सामान्य विज्ञान 35, समाजशास्त्र 35, गणित 20. विज्ञानात भौतिकशास्त्र 11, रसायनशास्त्र 11, जीवशास्त्र 13. समाजशास्त्रात इतिहास 15, नागरिकशास्त्र 5, भूगोल 15.

ही वाटणी भिंतीवर लावा, कारण मुलं नेमकी उलटी तयारी करतात. क्लासमध्ये गणितावर जोर असतो, तर इतिहास-भूगोलाच्या 30 गुणांना कुणी हात लावत नाही. मला विचाराल तर शेवटचा महिना समाजशास्त्र आणि विज्ञानाला द्या. तिथे वाचलेलं थेट गुणात उतरतं.

शालेय चाचणीत सातवीचाही अभ्यासक्रम असतो. मोफत मिळालेली पाठ्यपुस्तकं सातवीच्या शेवटी बऱ्याच शाळा परत गोळा करतात. विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र, भूगोल आणि गणित ही चार पुस्तकं मागून ठेवून घ्या, किंवा बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. कोणत्याही गाईडपेक्षा प्रश्न या पुस्तकांच्या ओळींच्या जास्त जवळ असतात.

बुद्धिमत्तेसाठी रोज अर्धा तास पुरे, पण तो रोज हवा. अंकमालिका घ्या: 2, 6, 12, 20, 30, पुढे काय? एक मूल फरक काढतं: 4, 6, 8, 10, म्हणून पुढचा 12 आणि उत्तर 42. दुसरं पाहतं: 1×2, 2×3, 3×4, म्हणून 6×7, उत्तर 42. दोन्ही रस्ते मुलाला दाखवा. परीक्षेत एक सुचला नाही तर दुसरा हाताशी असतो.

मराठी माध्यमाची मुलं इंग्रजी अक्षरमालिकेत अडकतात, कारण अक्षरांचे क्रमांक त्यांना पाठ नसतात. सगळे 26 पाठ करण्याची गरज नाही. ई 5, जे 10, ओ 15, टी 20, वाय 25, हे पाच खांब पक्के करा आणि बाकीचे त्यांच्या मागे-पुढे मोजा. विरुद्ध अक्षरांच्या जोडीची बेरीज नेहमी 27 येते: ए आणि झेड, बी आणि वाय, सी आणि एक्स.

> थांबा: चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तरीही सराव चाचणीत मुलं प्रश्न कोरे सोडतात, कारण "येत नसेल तर सोडून दे" ही सवय शाळेतल्या पेपरांनी लावलेली असते. ती सवय ऑक्टोबरपासूनच मोडा.

नोव्हेंबरपासून दर रविवारी एक पूर्ण पेपर घड्याळ लावून आणि खऱ्या ओएमआर उत्तरपत्रिकेवर सोडवून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात कोरी उत्तरपत्रिका मिळते. वहीत "1-ब, 2-क" लिहून केलेल्या सरावाने प्रश्न सुटतात, पण गोल रंगवायचा वेळ त्यात धरलेला नसतो. नव्वद गोल रंगवायला किती मिनिटं जातात, हे मुलाला स्वतःच्या हाताने कळू दे.

आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा (ती एनएमएमएसपेक्षा वेगळी) दिलेल्या किंवा तिचा सराव केलेल्या मुलांसाठी एक सूचना. त्या परीक्षेत काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असत आणि दोन्ही रंगवावे लागत. इथे एका प्रश्नाला एकच गोल. दोन रंगवले तर गुण नाही. शासनाने शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला नेण्याचा निर्णय 2025 मध्ये घेतला आहे. त्यामुळे जुने सराव संच घरात पडून असतील, तर ते देण्याआधी हा फरक मुलाला समजावून सांगा.

5. परीक्षेचा दिवस

गेली काही वर्षं परीक्षा डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यातल्या रविवारी होते आहे. तेव्हा आपल्याकडे गळीत हंगाम भरात असतो. कागल, शिरोळ, पन्हाळा, कुठल्याही बाजूने या, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतातच. रविवारी एसटीच्या काही फेऱ्याही कमी असतात. केंद्र आदल्या दिवशी पाहून या आणि तासभर आधी पोहोचा.

दोन चालणारी बॉलपेनं, प्रवेशपत्र, पाण्याची बाटली, दोन पेपरांच्या मधे खायला भाकरी किंवा चपाती, एवढं पुरे. मधल्या सुटीत पहिल्या पेपरची उत्तरं ताडून बघू देऊ नका. गेटबाहेर घोळका करून "तुझं सोळावं काय आलं?" सुरू झालं, की चांगली तयारी असलेलं मूलही दुसऱ्या पेपरला खचून बसतं.

उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक आधी आकड्यांत लिहायचा, मग त्याखालचे गोल रंगवायचे. खाडाखोड आणि व्हाइटनर केलेल्या उत्तराला गुण नाहीत. एक प्रश्न सोडून पुढे गेलात, तर उत्तरपत्रिकेतही तोच क्रमांक सोडा. एक गोल सरकला की पुढचे सगळे सरकतात. दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळतोय का, ते पाहायची सवय लावा.

6. निकाल: "पास" म्हणजे "निवड" नव्हे

उत्तीर्ण व्हायला दोन्ही पेपरांत मिळून 40 टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग मुलांना 32 टक्के. पण शिष्यवृत्ती मिळते ती गुणवत्ता यादीत आलेल्यांनाच. अख्ख्या महाराष्ट्राचा कोटा 11,682 आहे आणि तो जिल्ह्यांत, संवर्गांत वाटला जातो. त्यामुळे उत्तीर्ण मुलांची यादी लांब आणि निवडीची यादी छोटी असते.

निवडयादी लागण्याआधी परीक्षा परिषद गुणयादीतली माहिती दुरुस्त करायला मुदत देते. नाव, जन्मतारीख, संवर्ग यांत काही चुकलं असेल, तर ते बदलण्याची खरी वेळ हीच. अर्ज शाळेच्या लॉगिनमधूनच करायचा असतो. निकाल मोबाइलवर पाहून गुण वाचले आणि फोन खिशात टाकला, असं करू नका. नाव अक्षर न् अक्षर वाचा. यादीतलं हेच नाव पुढे केंद्र सरकारच्या पोर्टलवर जातं.

7. नववी: पैसे इथेच अडकतात

निवडयादीत नाव येणं म्हणजे पैसे सुरू होणं नव्हे. नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर, नवा अर्ज भरावा लागतो. ही संधी फक्त नववीलाच असते. ती हुकली की दहावीत किंवा अकरावीत नव्याने अर्ज करता येत नाही.

माझ्या वर्गातली पन्हाळ्याकडच्या वाडीवरची एक मुलगी जिल्ह्याच्या यादीत आली होती. तिच्या आधारला वडिलांचा जुना नंबर जोडलेला होता. वडिलांनी कार्ड बदललं, जुना नंबर रिचार्जअभावी बंद पडला आणि कंपनीने तो दुसऱ्याला दिला. अर्ज भरायला बसलो तेव्हा ओटीपी गेला तो कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर. आधार केंद्रावर नंबर बदलायला दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला मशीन बंद होतं, दुसऱ्या खेपेला वडील ऊसतोडणीवर होते. तोवर मुदत गेली. तिने माझ्यासमोर फाईल बंद केली आणि "राहू दे सर" म्हणाली. तो आवाज मला अजून आठवतो. तेव्हापासून मी मोबाइल नंबर जूनमध्येच तपासतो, आणि तुम्हालाही तेच सांगतोय.

क्रम असा ठेवा.

1. एनएसपीवर मुलाच्या आधारवरून एकदाच करायची नोंदणी करा. यात चेहरा दाखवून आधार पडताळणी होते. खोलीत उजेड हवा आणि मागे साधी भिंत असेल तर उत्तम. मिळालेला नोंदणी क्रमांक फाईलच्या पहिल्या पानावर लिहा, चार वर्षं तोच लागतो.
2. अर्ज भरताना एनएमएमएस हीच योजना निवडा. केंद्राची दुसरी शिष्यवृत्ती मूल घेत असेल, तर दोन्ही अर्ज भरण्याआधी शाळेत विचारा. एका वेळी एकच चालते.
3. अर्ज पक्का झाला की प्रिंट आणि कागद शाळेच्या नोडल शिक्षकांकडे, म्हणजे शिष्यवृत्तीचं काम पाहणाऱ्या शिक्षकांकडे द्या.
4. पहिली पडताळणी शाळा करते, दुसरी जिल्हा स्तरावर होते. दोन्ही झाल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

चौथ्या टप्प्यावर अनेक जण गाफील राहतात. शाळेने पडताळणीत अर्ज "त्रुटी" म्हणून परत पाठवला, तर तो मुलाच्याच लॉगिनमध्ये येऊन पडतो. त्रुटी दुरुस्त करून पुन्हा पाठवायची असते. आठवड्यातून एकदा लॉगिन करून अर्जाची स्थिती बघा.

आता बँकेचं. "आधार लिंक आहे" आणि "आधार सीडिंग आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिंक म्हणजे बँकेने तुमचा आधार क्रमांक नोंदवून घेतला. सीडिंग म्हणजे आधारवर येणारे सरकारी पैसे याच खात्यात टाकायचे, अशी नोंद राष्ट्रीय यंत्रणेत झाली. शिष्यवृत्तीला सीडिंग लागतं, आणि एका वेळी एकच खातं सीडेड असतं. गावात कुणी मुलाचं नवं खातं उघडून दिलं, त्या फॉर्मवर सीडिंगच्या चौकटीत टिक झाली, की जुनं खातं मागे पडतं आणि पैसे नव्यात जातात. "पैसे आलेच नाहीत" म्हणून आलेल्या दोन पालकांचे पैसे अशाच एका विसरलेल्या खात्यात सापडले होते.

> तपासा: आधारच्या संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करून बँक सीडिंगची स्थिती उघडा. बँकेचं नाव तुमच्याच बँकेचं आहे का? शेजारी "सक्रिय" दिसतं का? त्या पानाची प्रिंट फाईलला लावा.

8. निवड थोडक्यात हुकली तर

मूल उत्तीर्ण झालं पण निवडयादीत आलं नाही, आणि ते मराठा, कुणबी, मराठा-कुणबी किंवा कुणबी-मराठा असेल, तर सारथी या राज्य शासनाच्या संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे: वर्षाला 9,600 रुपये, नववी ते बारावी. याचा अर्जही शाळेमार्फत जातो. बरेच पालक "यादीत नाही" एवढं ऐकून विषय संपवतात आणि ही संधी त्यांच्या कानावरच पडत नाही. सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे. शंका असेल तर तिथे जाऊन विचारता येतं.

9. दहावी, अकरावी, बारावी: दरवर्षी नूतनीकरण

अर्ज एकदा भरला म्हणजे चार वर्षांचं झालं, असं नाही. दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच प्रयत्नात जायला हवं. दहावीला किमान 60 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीला 55.

दहावीनंतरचा निर्णय घेण्याआधी हे वाचा. शिष्यवृत्ती अकरावी-बारावीलाच आहे. मूल आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला गेलं की ती थांबते. ते शिक्षण मुलाला योग्य असेल तर शिष्यवृत्तीसाठी ते अडवू नका, फक्त हिशोब आधी माहीत असू दे. अकरावीलाही शासकीय किंवा अनुदानितच कनिष्ठ महाविद्यालय लागतं. ऑनलाइन प्रवेशाचे पसंतीक्रम भरताना प्रत्येक महाविद्यालयासमोर अनुदानित, विनाअनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित, हे लिहिलेलं असतं. विज्ञान शाखेत तर एकाच महाविद्यालयात दोन्ही प्रकारच्या तुकड्या असतात.

अकरावीत नवी संस्था, नवे नोडल शिक्षक. तुमचं मूल शिष्यवृत्तीधारक आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. प्रवेश झाल्याच्या आठवड्यात फाईल घेऊन स्वतः भेटा, नोंदणी क्रमांक द्या आणि संस्थेचं नाव पोर्टलवर बदलून घ्या. पडताळणी अडली तर आधी शाळा किंवा महाविद्यालय, मग नागाळा पार्कातल्या जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग, या क्रमाने जा. जाताना अर्जाची प्रिंट, अर्जाच्या स्थितीचं पान आणि सीडिंगचं पान, तिन्ही सोबत न्या. नुसतं "पैसे आले नाहीत" म्हटलं तर कोणत्या टप्प्यावर अडलंय ते तिथे कुणालाच सांगता येत नाही.